उलटा ओरखडा

आमच्या गावाचं नाव पाकोळी.
त्सुबामे म्हणजे तेच.
पूर्वी नदी दर दोनचार वर्षांनी शेतं घेऊन जायची
म्हणून लोक खिळे घडवायला शिकले.
खिळ्यांनंतर चिलमी, चिलमींनंतर चमचे.
बाबा म्हणायचे, हात तेच,
गिऱ्हाईक तेवढं लांब गेलं.

इतकं लांब, की एकोणसाठ साली
कोपनहेगनहून एक कागद आला.
निळ्या रेघांत दोन वाढण्या, सॅलडच्या.
एकीला तीन आखूड दाते, तान्ह्या बाळाला असावेत तसे,
दुसरी नुसतीच खोलगट.
ना वेल, ना फूल, ना दांड्यावर मुकुट.
मान अशी, की हाक ऐकू आली आहे
पण वळायचं की नाही हे ठरलेलं नाही.
खाली एक ओळ होती.
संस्थेच्या कारकुनानं ती तीनदा वाचून दाखवली :
चकाकी नको.

बाबा हसले. मग गप्प झाले.
चौदाव्या वर्षापासून ते चाकासमोर बसत आले होते,
मांडीखाली पोतं, नाकपुड्या काळ्या,
सणाच्या दिवशीही अंगाला हिरव्या पेस्टचा वास.
चमच्यात आपलं तोंड दिसलं, नाकावरच्या तिळासकट,
की काम झालं.
एवढीच त्यांची शाळा.
आणि हा कोण माणूस
ज्याला आरशात कुणीच नको?

आठ दिवस ते चकाकी घालवत बसले.
राखेनं घासलं. वाळूनं घासलं. मग रागानं.
पोलाद मळकं व्हायचं,
शांत व्हायचं नाही.

नवव्या दिवशी आई मासा साफ करत होती.
म्हणाली, सुरी उलटी गेली की खवलं उडतात,
सुलटी गेली की हाताला काही लागत नाही.
आणि मीठ आणायला उठली.

म्हणजे ओरखडे काढायचे नव्हतेच.
घालायचे होते, हजारो, केसाहून बारीक,
दांड्यापासून ओठापर्यंत सगळे एका दिशेनं,
एकानंही मागे न फिरता.
मानेच्या वळणात चाक पोचेना,
तिथे बाबांनी अंगठा घातला, पॉलिशपेपरची चिंधी गुंडाळून.
वळण अर्धा मिलिमीटर सैल करा, असं कळवलं.
उत्तर आलं नाही.
पुढच्या कागदात मात्र ते सैल होतं.

आमच्याकडे सॅलड कुणी खात नसे.
भाताला लाकडी डाव, तोही कडेला करपलेला.
पण ज्यांच्यावर एखादा ओरखडा उलटा गेला
त्या वाढण्या घरी यायच्या, नापास म्हणून.
आई त्यांनी मुळ्याचं लोणचं वाढायची
आणि आम्ही पाच भावंडं
नापास मालावरच वाढलो.

मागे कुणीतरी कॅटलॉग पाठवला.
काचेमागे आमच्याच वाढण्या, खालून दिवा लावलेला.
चित्र काढणाऱ्याचं नाव, साल,
आणि बारीक अक्षरात : जपानमध्ये बनवलेलं.
जपान.
एका अंगठ्याला जरा मोठंच नाव.

बाबा फेब्रुवारीत गेले, बर्फ खिडकीला टेकलं होतं.
दहनानंतर आम्ही दोघं दोघं मिळून
लांब काड्यांनी अस्थी उचलत होतो,
पायांकडून डोक्याकडे.
उलटं जायचं नाही, अशी रीत आहे.
मांडीच्या राखेत खिळा निघाला,
ऑपरेशनच्या वेळचा, आगीनं निळसर झालेला.
तिथला माणूस म्हणाला, हे आम्ही बाजूला ठेवतो.

आईनं हात पुढे केला.
शहाऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत खिडकीपाशी गेली,
खिळा उजेडात तिरका धरला,
अंगठा फिरवला,
एकदा वरून खाली,
एकदा खालून वर.

'कुणी केलंय हे?' म्हणाली.
'घाईत केलंय.'

आणि बाहीत टाकला.